एल्कसाठी रायफल निवडताना: कॅलिबरचं नाव सगळ्यात शेवटी

एल्क या उत्तर अमेरिकेतल्या मोठ्या हरणाच्या शिकारीसाठी रायफल घ्यायला निघालेल्या नवख्या माणसाच्या कानावर पहिल्याच दिवशी कॅलिबरची, म्हणजे नळीच्या आणि गोळीच्या मापाची, डझनभर नावं पडतात: .३०८, .३०-०६, .२७०, ६.५ क्रीडमूर, ७ एमएम मॅग्नम, .३०० विन मॅग, वेगवेगळ्या पीआरसी. प्रत्येक नावाचे कैवारी आहेत आणि ते एकमेकांचं ऐकून घेत नाहीत. नवख्याने या वादात शिरूच नये. एल्क पडतो तो दोन्ही फुप्फुसांतून आरपार गेलेल्या गोळीने. नळीवर कोणतं नाव कोरलंय याचा त्यातला वाटा लोक समजतात त्याहून बराच कमी आहे. म्हणून इथला क्रम दुकानातल्या क्रमाच्या उलटा आहे. आधी कायदा, मग जनावर, मग तुमचा स्वतःचा टप्पा, म्हणजे तुम्ही खात्रीने मारू शकता ते अंतर, मग गोळीची बांधणी, मग खांद्याला बसणारा धक्का. एवढं ठरलं की कॅलिबरचं नाव आपसूक दोन-तीनांवर येतं.

लेख अमेरिकेतल्या शिकारीचा आहे आणि नियम मुख्यतः कोलोरॅडोचे दिले आहेत, कारण एल्कची सर्वांत मोठी संख्या त्याच राज्यात आहे आणि बाहेरून येणाऱ्यांची पहिली शिकार बहुधा तिथेच होते. भारतात १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद आहे, तेव्हा यातलं काहीही तिकडे लागू करायचं नाही.

पायरी १: कागदपत्रं आणि कायदा

नोकरी-शिक्षणासाठी अमेरिकेत आलेल्या मराठी माणसाने रायफलीच्या आधी आपला व्हिसा पाहावा. एच-वन-बी, एल-वन, एफ-वन अशा व्हिसांवर असलेल्यांना तिथल्या केंद्रीय कायद्याने बंदूक किंवा काडतूस बाळगायलाच मनाई आहे. या मनाईला मोजके अपवाद आहेत. त्यातला आपल्या उपयोगाचा एक: अमेरिकेतल्या कुठल्याही राज्याने दिलेला, मुदतीत असलेला शिकार परवाना. परवान्याची मुदत संपली की अपवादही संपला, आणि कपाटात ठेवलेली रायफल तुम्हाला गोत्यात आणू शकते. ग्रीन कार्डवाल्यांना ही अट नाही. शंका असेल तर इमिग्रेशनच्या वकिलाला विचारावं, दुकानदाराला नाही.

दुकानात ४४७३ क्रमांकाचा फॉर्म भरावा लागतो. त्यात गांजाच्या सेवनाविषयी प्रश्न असतो. कोलोरॅडोत गांजा कायदेशीर असला तरी केंद्रीय कायद्यात तो नाही, हे त्या प्रश्नाखालीच स्पष्ट छापलेलं असतं. शिवाय कोलोरॅडोत बंदूक विकत घेतल्यावर हातात पडायला किमान तीन दिवस थांबावं लागतं. हंगामाच्या आदल्या दिवशी खरेदीला जाऊन उपयोग नाही.

१ जानेवारी १९४९ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना कोलोरॅडोत हंटर एज्युकेशनचा कोर्स केल्याशिवाय सहसा परवाना मिळत नाही. कोर्स उन्हाळ्यातच उरकून घ्या.

रायफलीबद्दल कोलोरॅडोच्या अटी थोडक्यात अशा. कॅलिबर किमान .२४, म्हणजे ६ मिलिमीटर. नळी किमान १६ इंच आणि पूर्ण रायफल किमान २६ इंच. एल्कसाठी गोळी किमान ८५ ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) आणि आत गेल्यावर फुलणारी. उत्पादकाने दिलेल्या आकड्यांप्रमाणे १०० यार्डांवर (यार्ड म्हणजे मीटरहून थोडं कमी) किमान १,००० फूट-पाउंड (हे ऊर्जेचं माप) ऊर्जा. रायफल सेमी-ऑटोमॅटिक असेल तर मॅगझिन आणि चेंबर (नळीतली काडतुसाची जागा) मिळून सहाच काडतुसं. अंगावर कमरेच्या वर किमान ५०० चौरस इंच भडक नारिंगी किंवा गुलाबी कापड आणि डोक्यावर त्याच रंगाची टोपी. इतर राज्यांचे नियम वेगळे आहेत. कॅलिफोर्नियात तर १ जुलै २०१९ पासून शिकारीला शिशाची गोळी अजिबात चालत नाही. ज्या राज्याचा परवाना, त्या राज्याचं त्या वर्षीचं नियमपत्रक वाचायचं. मागच्या वर्षीचं नाही.

कायद्यातली किमान मर्यादा हा सल्ला समजू नका. .२४३ विंचेस्टर कोलोरॅडोत एल्कसाठी कायदेशीर आहे. नवख्याने तरी ती घेऊ नये.

पायरी २: जनावर केवढं आहे

रॉकी पर्वतातला पूर्ण वाढीचा नर ३०० किलोच्या आगेमागे भरतो, मादी सव्वादोनशेच्या. ताडोबात किंवा नागझिऱ्यात सांबराचा मोठा नर पाहिला असेल तर साधारण त्या मापाचं जनावर डोळ्यांसमोर आणा. अमेरिकेत सर्वांत जास्त शिकार होणारं पांढऱ्या शेपटीचं हरीण याच्या पाव-तृतीयांश वजनाचं असतं. दुकानात ‘डिअर’ लिहिलेल्या खोक्यांची रांग दिसते ती त्या हरणासाठी. त्यातलं प्रत्येक काडतूस एल्कला चालेल असं नाही.

एल्कची कातडी जाड, केस दाट, खांद्याची हाडं भक्कम. हृदय-फुप्फुसांचं वर्म आडव्या उभ्या जनावरात साधारण १२ ते १५ इंच व्यासाचं. नेम धरायचा तो पुढच्या पायाच्या मागच्या रेषेला लागून, छातीच्या खालच्या कडेपासून एक तृतीयांश उंचीवर. जनावर तिरकं उभं असेल आणि तोंड पलीकडे असेल तर गोळी मागच्या बरगड्यांतून शिरून पलीकडच्या खांद्याकडे निघेल असा नेम. तोंड आपल्याकडे असेल किंवा पाठ पूर्ण आपल्याकडे असेल, तर थांबायचं. डोक्याचा आणि मानेचा बार घ्यायचा नाही. तिथे दोन इंच चुकले तर जबडा फुटलेलं जनावर डोंगरात निघून जातं आणि उपाशी मरतं.

वर्मी बार बसला तरी एल्क जागच्या जागी कोसळेलच असं नाही. दोन्ही फुप्फुसं गेलेला नर शंभर यार्ड सहज चालतो, कधी नुसता उभा राहून बघत राहतो. यावरून गोळी कमी पडली असा निष्कर्ष काढून लोक पुढच्या वर्षी मोठी मॅग्नम, म्हणजे जास्त दारूच्या काडतुसाची रायफल, घेतात. जनावर पायांवर आहे तोवर दुसरा बार टाका, एवढंच त्याचं उत्तर आहे.

पायरी ३: आधी स्वतःचा टप्पा मोजा

रायफल किती लांब मारते हे खोक्यावर छापलेलं असतं. तुम्ही किती लांब मारता ते कुठेही छापलेलं नसतं, आणि कॅलिबर त्यावर ठरतं.

चाचणी सोपी आहे. मित्राची किंवा रेंजवरची रायफल चालेल. ९ इंचाच्या कागदी ताटल्या १०० यार्डांवर लावा. टेबल, वाळूच्या पिशव्या यांचा आधार न घेता, बसून आणि गुडघ्यावर, फार तर शूटिंग स्टिक्स किंवा पाठीवरच्या सॅकचा टेकू घेऊन पाच बार काढा. पाचही ताटलीत बसले तर १५० वर जा, मग २००, मग २५०. ज्या अंतरावर पाचातला एक जरी बाहेर गेला, त्याच्या अलीकडचं अंतर हा तुमचा टप्पा. त्यातही, चाचणीच्या आधी पन्नास मीटर पळून या. एल्क ८,००० ते ११,००० फुटांवर भेटतो. तिथे चार पावलं चढली की छाती भात्यासारखी हलते, आणि स्कोपमधल्या, म्हणजे रायफलीवरच्या दुर्बिणीतल्या, नेमाच्या रेघा तिच्याबरोबर.

बहुतेक नवख्यांचा टप्पा २०० यार्डांच्या आतबाहेर निघतो. त्यात लाजण्यासारखं काही नाही, उलट ही फार कामाची बातमी आहे: एवढ्या टप्प्यासाठी मॅग्नमची गरजच उरत नाही. टप्प्यात येईपर्यंत जवळ जाणं हीच शिकारीतली खरी मेहनत आहे.

पायरी ४: दोनच आकडे पाहा

खोक्यावर किंवा उत्पादकाच्या तक्त्यात बरेच आकडे असतात. आपल्याला दोन हवेत, आणि तेही नळीच्या तोंडाशी मोजलेले नाहीत, तर आपल्या टप्प्याच्या शेवटाला उरलेले.

पहिला, ऊर्जा. एल्कसाठी १,५०० फूट-पाउंड हा जुन्या शिकाऱ्यांचा ठोकताळा आहे. तो काही निसर्गनियम नाही, पण नवख्याला चुकांसाठी थोडी जागा ठेवतो. आकडा स्वतः काढायचा असेल तर गोळीचं वजन ग्रेनमध्ये, गुणिले वेगाचा वर्ग, वेग फूट प्रति सेकंदात, आणि भागिले ४,५०,२४०. उदाहरणार्थ .३०-०६ची १८० ग्रेनची गोळी २,७०० वेगाने सुटते: उत्तर येतं २,९१४. १८० ग्रेन म्हणजे पावणेबारा ग्रॅमच्या आसपास. आकडे मोठे वाटले तरी वस्तू बोटाच्या पेराएवढीच असते.

दुसरा, वेग. फुलणाऱ्या गोळीला फुलण्यासाठी वेग लागतो. बहुतेक शिसेवाल्या शिकारी गोळ्या १,८०० फूट प्रति सेकंदाच्या खाली नीट फुलत नाहीत. पूर्ण तांब्याच्या गोळ्यांना साधारण २,००० धरून चालावं. प्रत्येक गोळीचा नेमका किमान वेग उत्पादक देतो, तो बघा. अनेकदा ऊर्जा शिल्लक असते पण वेग संपलेला असतो, आणि तिथेच तुमच्या काडतुसाचा टप्पा संपतो.

आता जरा वेगळा हिशेब. .३०-०६ आणि .३०० विन मॅग, दोन्हींत १८० ग्रेनची सारखीच गोळी, दोन्हींचा झिरो, म्हणजे नेम आणि गोळी जिथे जुळतात ते अंतर, २०० यार्डांवर. ३०० यार्डांवर पहिली साधारण साडेआठ इंच खाली जाते, दुसरी सात. फरक दीड इंचाचा. ४०० यार्डांवर तो चार-पाच इंचांवर जातो. वर्म १२ इंचांचं आहे. ३०० यार्डांच्या आत ‘सपाट’ जाणाऱ्या काडतुसाने नवख्याच्या पदरात नेमकं किती पडतं, ते या दीड इंचावरून कळावं.

पायरी ५: गोळीची बांधणी

सगळ्यांत जास्त डोकं इथे घालवा, कारण चुका इथे होतात आणि त्या कॅलिबरच्या नावावर खपवल्या जातात.

शिकारी गोळ्या ढोबळमानाने चार प्रकारच्या. पहिला प्रकार साधा: तांब्याचं पातळ कवच, आत शिसं. रेमिंग्टनची कोअर-लोक्ट, विंचेस्टरची पॉवर-पॉइंट, हॉर्नेडीची इंटरलॉक या घराण्यातल्या. स्वस्त, अचूक, मध्यम वेगात उत्तम. दुसरा प्रकार बाँडेड: कवच आणि शिसं एकमेकांना जोडलेलं, त्यामुळे हाडावर आपटली तरी गोळी फुटून विखुरत नाही. नोस्लरची अ‍ॅक्युबाँड, फेडरलची फ्यूजन या त्यातल्या. तिसरा, पार्टिशन: मध्ये तांब्याची आडवी भिंत, पुढचा अर्धा भाग फुलतो, मागचा अर्धा दट्ट्यासारखा आत घुसत राहतो. जॉन नोस्लर यांनी ही गोळी १९४०च्या दशकात काढली आणि ती आजही विकली जाते. चौथा, पूर्ण तांब्याची: बार्न्सची टीएसएक्स, हॉर्नेडीची सीएक्स. पाकळ्यांसारखी उघडते, वजन जवळपास सगळं टिकवते, शिसं नसल्यामुळे मांसात कण राहत नाहीत. आतडी-कोथळा खाणाऱ्या गिधाडांना आणि गरुडांना शिशाची बाधा होत नाही, हाही तिचा मोठा गुण.

बिघाड दोन तऱ्हांनी होतो. एक: .३०० विन मॅगमध्ये १५० ग्रेनची साधी गोळी भरली, ती ३,२०० च्या वेगाने निघाली, आणि एल्क चाळीस यार्डांवर झाडीतून बाहेर आला. गोळी खांद्याच्या हाडावर आदळून तिथेच फुटते. बाहेरून भयंकर दिसणारी जखम होते, पण फुप्फुसांपर्यंत पोचतात ते चुरे. जनावर तीन पायांवर निघून जातं. शिकारी म्हणतो, ‘मॅग्नमनेसुद्धा पडला नाही!’ दोष काडतुसाच्या ताकदीचा नव्हता. त्या ताकदीला गोळी फार मऊ होती. दोन: तांब्याची कडक गोळी ४५० यार्डांवर टाकली, तिथे वेग १,८००च्या खाली आलेला. गोळी न उघडता सुईसारखी आरपार जाते, भोक आत-बाहेर सारखंच बारीक.

यातून निघणारा नियम: वेग जितका जास्त, गोळी तितकी कडक आणि वजनदार. .३०८, .३०-०६, ७ एमएम-०८ अशा मध्यम वेगाच्या काडतुसांत साधी पण वजनदार गोळीही काम करते, बाँडेड त्याहून चांगली. कुठल्याही मॅग्नममध्ये साधी गोळी नको. बाँडेड, पार्टिशन किंवा तांब्याचीच.

वजनं: ६.५ मिलिमीटरमध्ये १४० ते १४३ ग्रेन. .२७०मध्ये १४० ते १५०. ७ एमएम-०८मध्ये १४०, ७ एमएम मॅग्नममध्ये १६० ते १७५. .३०८ आणि .३०-०६मध्ये १६५ ते १८०. .३०० मॅग्नममध्ये १८० ते २००. तांब्याची गोळी घेतलीत तर एक पायरी हलकी घ्या, म्हणजे .३०-०६मध्ये १८० ऐवजी १६५ किंवा १६८. तांबं शिशापेक्षा हलकं, त्यामुळे त्याच वजनाची गोळी लांब होते आणि काही नळ्यांच्या आतल्या खाचांचा पीळ तिला पुरेसं फिरवू शकत नाही. हलकी असली तरी वजन टिकवून ठेवत असल्याने ती आत तेवढीच जाते.

खोक्यावरचं नाव अक्षर न् अक्षर वाचा. हॉर्नेडीची ईएलडी-एक्स शिकारीसाठी आहे, ईएलडी मॅच लक्ष्यवेधासाठी. दोन्हींची खोकी एकाच फळीवर असतात. ‘मॅच’ लिहिलेलं आणि ‘फुल मेटल जॅकेट’ लिहिलेलं एल्कसाठी घ्यायचं नाही. दुसरं तर न फुलणारं असल्यामुळे बेकायदाही आहे.

आणि गोळी पलीकडून बाहेर पडणं का महत्त्वाचं? एल्कचे दाट केस रक्त पिऊन घेतात, आणि वरच्या बाजूने शिरलेल्या गोळीचं बारीक भोक चरबीने बुजतं. खाली, पलीकडच्या बाजूला मोठं भोक असेल तरच जमिनीवर माग सापडतो. बार झाल्यावर जनावर दिसेनासं झालं तर ते कुठे उभं होतं ती खूण डोळ्यांत ठेवून किमान अर्धा तास बसून राहा, मगच माग काढायला जा. लगेच मागे धावलात तर जे शंभर यार्डांवर बसलं असतं ते दोन डोंगर ओलांडतं.

पायरी ६: खांद्याचं ऐका

साधारण आठ पाउंडांच्या, म्हणजे साडेतीन किलोंच्या रायफलीत मागे बसणारा धक्का ढोबळ आकड्यांत असा: ६.५ क्रीडमूर १२-१३ फूट-पाउंड, ७ एमएम-०८ थोडा जास्त, .२७० आणि .३०८ सतराच्या आसपास, .३०-०६ वीस, ७ एमएम रेमिंग्टन मॅग्नम वीस-एकवीस, .३०० विन मॅग सव्वीसच्या पुढे, .३३८ विन मॅग तेहतीसच्या पुढे. रायफल हलकी केली की प्रत्येक आकडा वाढतो. साडेसहा पाउंडांची ‘माउंटन रायफल’ दिवसभर खांद्यावर छान वाटते आणि बार काढताना तोंडात मारते. .३०० मॅग्नम आणि हलकी रायफल ही जोडी नवख्याला विकणाऱ्या दुकानात परत जाऊ नये.

फार धक्क्याचा परिणाम खांद्यावर कमी, मेंदूवर जास्त. बार होण्याच्या आधीच डोळे मिटतात, खांदा पुढे ढकलला जातो, चाप ओढण्याऐवजी झटकला जातो. त्यामुळे २०० यार्डांवर फूटभर सहज चुकतं. स्वतःला हे कळत नाही, कारण बाराच्या आवाजात सगळं झाकलं जातं. पकडायची युक्ती एकच: मित्राला मॅगझिन भरायला द्या, खऱ्या काडतुसांत दोन-तीन नकली, म्हणजे स्नॅप कॅप, कुठेही मिसळायला सांगा. नकलीवर चाप दाबला की फक्त ‘टक्’ होतं. त्या क्षणी नळीचं तोंड खाली झुकलं तर तुम्हाला दचकायची सवय लागली आहे. उपाय म्हणजे महिनाभर घरी रिकाम्या रायफलीने चापाचा सराव, काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवून; आणि त्या काळात रेंजवर .२२ रिमफायर, म्हणजे अगदी कमी धक्क्याचं छोटं काडतूस. त्यातूनही सुटलं नाही तर खालचं कॅलिबर घ्या. ७ एमएम-०८ने फुप्फुसात मारलेला एल्क .३०० मॅग्नमने पोटात मारलेल्यापेक्षा शंभर वेळा बरा.

नळीच्या तोंडावर मझल ब्रेक, म्हणजे बाराचा वायू बाजूंना वळवणारा तुकडा, लावला की धक्का बराच कमी होतो, हे खरं. पण आवाज बाजूंना आणि मागे फेकला जातो. कानात काही न घालता एक बार काढला तरी कायमचं नुकसान होऊ शकतं, आणि शेजारी बसलेल्या सोबत्याचं तुमच्याआधी. शिकारीच्या घाईत कानाचे बोळे घालायचे राहतात, म्हणून ब्रेकच्या भरवशावर मोठं कॅलिबर निवडू नका.

पायरी ७: आता नावं

टप्पा २५० यार्डांपर्यंत आणि धक्का नकोसा असेल, तर ७ एमएम-०८ रेमिंग्टन किंवा .३०८ विंचेस्टर. पहिलं १९८०चं, दुसरं १९५२चं. दोन्ही आखूड अ‍ॅक्शनची (अ‍ॅक्शन म्हणजे काडतूस नळीत ढकलणारी यंत्रणा), त्यामुळे रायफल थोडी आटोपशीर. लहान चणीच्या माणसाला, पहिल्यांदाच रायफल हाती घेणाऱ्याला ७ एमएम-०८ विशेष मानवते.

६.५ क्रीडमूर हॉर्नेडीने २००७मध्ये लक्ष्यवेधासाठी आणलं. धक्का कमी, अचूकता उत्तम, म्हणून ते प्रिय झालं. एल्कसाठी चालतं का? १४३ ग्रेनची गोळी ३०० यार्डांवर १,५०० फूट-पाउंडांहून थोडीच जास्त ऊर्जा राखते. त्याच्या आत, आडव्या उभ्या जनावरावर, बांधीव गोळीने चालतं. तिरक्या बारासाठी त्यात फारशी सवलत नाही. ५०० यार्डांवर स्टीलची पाटी वाजवता येते म्हणून तेवढ्या अंतरावर एल्कवर बार टाकायचा नाही.

टप्पा ३५० यार्डांपर्यंत असेल तर .२७० विंचेस्टर, १९२५चं, आणि .३०-०६ स्प्रिंगफील्ड, १९०६मध्ये अमेरिकी लष्कराने घेतलेलं. एकच रायफल आयुष्यभरासाठी घ्यायची असेल आणि वीसचा धक्का सोसवत असेल, तर आमचं मत सरळ .३०-०६ला. १५० ते २२० ग्रेनपर्यंत गोळ्या मिळतात, १८०ची चांगली गोळी ४०० यार्डांवरही दीड हजाराच्या आसपास ऊर्जा राखते, आणि रायफली वापरलेल्यासुद्धा भरपूर मिळतात.

खरोखर ४०० यार्डांवर ताटली साधणाऱ्यांनीच मॅग्नमचा विचार करावा: ७ एमएम रेमिंग्टन मॅग्नम १९६२चं, .३०० विंचेस्टर मॅग्नम १९६३चं, ७ एमएम पीआरसी २०२२चं. यांत ७ एमएम रेमिंग्टन मॅग्नमचा धक्का .३०-०६च्या जवळपासच असल्यामुळे पहिली मॅग्नम म्हणून तीच बरी. .३३८ विन मॅग एल्कला उत्तम, पण ती मारणारा खांदा आधी तयार करावा लागतो.

पायरी ८: खरेदी आणि झिरो

मीकर, क्रेग, गनिसनसारख्या गावांतल्या दुकानात काडतुसं संपली किंवा विमानात तुमची पेटी हरवली, तर .३०-०६, .३०८, .२७०, .३०० विन मॅग आणि ७ एमएम रेमिंग्टन मॅग्नम मिळण्याची शक्यता सर्वांत जास्त. अनोळखी नव्या काडतुसासाठी वणवण करावी लागते. काडतूस ठरलं की पाच खोकी एकदम घ्या, एकाच लॉट नंबरची. वीसच्या हिशेबाने शंभर. पंचवीसेक झिरोला, साठेक सरावाला, उरलेली डोंगरावर.

नळीवर कोरलेलं नाव आणि काडतुसाच्या बुडावरचं नाव शब्दशः एक असायला हवं. ‘७ एमएम’ एवढंच सांगून काडतुसं मागू नका: ७ एमएम-०८, ७ एमएम रेमिंग्टन मॅग्नम आणि ७ एमएम पीआरसी ही तीन वेगळी काडतुसं आहेत. ‘.३००’चंही तसंच: विन मॅग, डब्ल्यूएसएम, पीआरसी. चुकीचं काडतूस चेंबरमध्ये बसलं आणि सुटलं तर रायफल तोंडावर फुटू शकते.

स्कोप ३-९ पटींची पुरते. मॅग्नमवर डोळा आणि काच यांत किमान साडेतीन इंच अंतर राहील अशी बसवा, नाहीतर भुवई फुटते. चढावर पडून नेम धरताना तर हमखास.

झिरो करताना पहिले तीन बार २५ यार्डांवर. पाव एमओएच्या (एमओए हे कोनाचं माप) स्कोपच्या फिरकीचा एक टिचका १०० यार्डांवर पाव इंच सरकवतो, पण २५ यार्डांवर एक इंच सरकवायला सोळा टिचके लागतात. लोक इथे चार फिरवतात आणि स्कोप बिघडली म्हणतात. कागदावर मध्य गाठला की १०० यार्डांवर जा आणि तीन बारांचा पुंजका नेमापेक्षा दीड ते दोन इंच वर आणा. २०० यार्डांवर झिरो साधारण तिथेच येतो, तरी २०० वर प्रत्यक्ष मारून खात्री करा. बारांच्या मध्ये नळी निवू द्या. तापलेल्या नळीचा झिरो एल्कसमोर कामाचा नाही, तिथे पहिला बार थंड नळीचाच असतो. गोळीचा ब्रँड किंवा वजन बदललं की सगळं पुन्हा.

विमानाने जाणार असाल तर रायफल रिकामी, कडक कुलूपबंद पेटीत, चेक-इन सामानात, काउंटरवर जाहीर करून. काडतुसं त्यांच्या खोक्यांत. बऱ्याच विमान कंपन्यांची मर्यादा ११ पाउंडांची असते, ती तिकीट काढताना बघा. उतरल्यावर कॅम्पला जाण्याआधी १०० यार्डांवर दोन बार काढाच. पुंजका इंचभर इकडे-तिकडे असेल तर टिचक्यांनी सुधारा. चार इंच सरकला असेल तर टिचके फिरवू नका. आधी स्कोपच्या रिंगांचे आणि बेसचे स्क्रू तपासा, सैल असतील ते घट्ट करा, आणि मग झिरो पुन्हा २५ यार्डांपासून सुरू करा.